ओवेच्किनच श्रेष्ठ, पण ८९५व्या गोलमुळे नव्हे

६ एप्रिल २०२५ला न्यूयॉर्कलगतच्या एलमाँटमध्ये वॉशिंग्टन कॅपिटल्सच्या अलेक्झांडर ओवेच्किनने पॉवर प्लेमध्ये, म्हणजे समोरच्या संघाचा एक खेळाडू शिक्षेसाठी बाहेर असताना, बर्फावर आखलेल्या त्याच्या ठरलेल्या डाव्या वर्तुळातून फटका लगावला. पक, म्हणजे या खेळातली चकती, न्यूयॉर्क आयलँडर्सचा गोलरक्षक इल्या सोरोकिनला चुकवून जाळ्यात गेला आणि कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकीच्या नॅशनल हॉकी लीगमधल्या, म्हणजे एनएचएलमधल्या, सर्वाधिक गोलांचा मान वेन ग्रेट्झ्कीकडून त्याच्याकडे आला. ८९५ विरुद्ध ८९४. मार्च १९९४मध्ये ग्रेट्झ्कीने गॉर्डी हावला मागे टाकलं, तेव्हापासून एकतीस वर्षं हा मान त्याच्याकडे होता. योग असा की दोघांचे हे आकडे १,४८७ सामन्यांमधलेच आहेत: ग्रेट्झ्कीची एनएचएलमधली पूर्ण कारकीर्द तेवढ्या सामन्यांची होती, आणि ओवेच्किनचा तो १,४८७वा सामना होता. त्या दिवसापासून आइस हॉकीच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ स्कोअरर, म्हणजे गोल करणारा, कोण, हा वाद नव्याने पेटला आहे. तो ज्या तऱ्हेने घातला जातो आहे, त्यात दोन्ही खेळाडूंवर अन्याय होतो आहे.

एक बाजू म्हणते, आकडा बघा आणि विषय संपवा; ज्याचे गोल जास्त, तो मोठा. दुसरी म्हणते, ग्रेट्झ्की हा सर्वकालीन श्रेष्ठ खेळाडू याबद्दल दुमत नाही, मग त्याच्यापुढे दुसऱ्याचं नाव घ्यायचंच कशाला? पहिली बाजू बेरजेलाच गुणवत्ता समजते. दुसरी एका प्रश्नाचं उत्तर उचलून दुसऱ्याच प्रश्नाला चिकटवते. माझी भूमिका अशी: एनएचएलच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ स्कोअरर ओवेच्किनच आहे, पण त्याला तसं ठरवणारा पुरावा ८९५व्या गोलमध्ये नाही. नोव्हेंबर २०२४मध्ये त्याच्या पायाचं हाड मोडलं आणि सोळा सामने हुकले. तेव्हा त्याचे ८६८ गोल झाले होते. एकोणचाळीस वर्षांचा तो खेळाडू त्या दुखापतीतून परतलाच नसता, आकडा ८६८वर कायमचा थांबला असता, तरीही माझं उत्तर हेच राहिलं असतं. एका हाडाच्या जुळण्या-न जुळण्यावर ज्याचा निकाल फिरतो, त्याला इतिहासाचा निवाडा म्हणायचं का?

हॉकी म्हटलं की आपल्याला आजही गवतावरचे ध्यानचंद आठवतात. मात्र कॅनडा-अमेरिकेतल्या मराठी घरांत मुलांमुळे हा बर्फावरचा खेळ शिरला आहे आणि त्याबरोबर हा वादही आला आहे. म्हणून आधी खेळातला एक हिशेब सांगायला हवा, कारण सगळा गोंधळ तिथेच आहे. या खेळात गोलला जेवढा मान, जवळपास तेवढाच गोल करून देणाऱ्या पासलाही असतो. गोलच्या आधीचे शेवटचे दोन पास देणाऱ्यांच्या खात्यात प्रत्येकी एक असिस्ट जमा होतो, आणि गोल व असिस्ट मिळून खेळाडूचे गुण ठरतात. ग्रेट्झ्कीचे गुण २,८५७. त्यातले १,९६३ असिस्ट. गुणांच्या सर्वकालीन यादीत दुसरा असलेल्या यारोमीर यागरचे एकूण गुण १,९२१. म्हणजे ग्रेट्झ्कीने आयुष्यात एकही गोल केला नसता तरी नुसत्या पासच्या बळावर तो या यादीत पहिला राहिला असता. असं अंतर आपल्याला ब्रॅडमनमुळे ठाऊक आहे: ५२ कसोटी, ९९.९४ची सरासरी, आणि दुसरा इतका मागे की तुलनेला अर्थच उरत नाही. ग्रेट्झ्की हा हॉकीतला ब्रॅडमन आहे, यात मला शंका नाही. पण तो गुणांतला ब्रॅडमन आहे, गोलांतला नाही.

१९८५-८६चा हंगाम बघा. त्या वर्षी ग्रेट्झ्कीने २१५ गुण मिळवले. हा विक्रम आजही कुणाच्या टप्प्यात नाही. आणि लीगमध्ये सर्वाधिक गोल कुणाचे होते? त्याच्याच एडमंटन ऑयलर्समधल्या यारी कुर्रीचे, ६८. ग्रेट्झ्कीचे ५२. गुणांच्या दृष्टीने आयुष्यातल्या सर्वोत्तम वर्षी तो स्वतःच्या संघातही गोलांत पहिला नव्हता, आणि यात त्याला तिळमात्र कमीपणा नाही. जाळ्याच्या मागची जागा त्याने आपली करून घेतली होती. तिथे पक घेऊन तो उभा राहिला की गोलरक्षकाला मान वळवून मागे पाहावं लागे, बचावपटू जागा सोडत, आणि त्याच क्षणी समोर धावत आलेल्या कुर्रीच्या स्टिकवर पक येऊन पडे. त्याची प्रतिभा खेळाचा नकाशा बदलण्यात होती. गोल हा त्या प्रतिभेचा एक भाग होता. 'सर्वश्रेष्ठ खेळाडू' हा मान ओढून गोलांच्या यादीत आणला, की त्याने खरोखर काय केलं तेच झाकलं जातं. ग्रेट्झ्कीवर प्रेम असणाऱ्यांनी तर हा घोळ मुळीच घालू नये.

मग गोलांपुरती तुलना करायची कशी? वेगवेगळ्या काळांतले आकडे एकमेकांशेजारी ठेवायचे, तर आधी काळ समजून घ्यावा लागतो. १९८१-८२मध्ये एनएचएलच्या एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल होत. २००३-०४पर्यंत हा आकडा पाचाच्या थोडा वर इतका घसरला. ओवेच्किनच्या भराच्या वर्षांत तो साधारण साडेपाचाच्या आसपास होता. कारणं उघड आहेत. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला बहुतेक गोलरक्षक उभ्याने खेळत, त्यांचे पॅड चामड्याचे आणि घामा-पाण्याने जड होणारे असत, आणि त्यांच्यासाठी वेगळा प्रशिक्षक असणं ही चैन होती. नंतर पॅट्रिक रॉयच्या पिढीने गुडघे टेकून, पाय दोन्ही बाजूंना पसरून जाळ्याचा खालचा भाग बंद करण्याची शैली रूढ केली. गोलरक्षक उंच झाले, पॅड हलके आणि मोठे झाले. १९८१-८२मध्ये गोलवर मारलेल्या शंभर फटक्यांपैकी साधारण सत्त्याऐंशी अडवले जात. २०१०च्या दशकात एक्क्याण्णवच्या वर. म्हणजे शंभरातले तेरा गोल नवावर आले. हा फरक छोटा वाटतो, पण स्कोअररचं पोट याच फरकावर असतं.

हे सगळं सांगून लोक पुढे गुणाकार-भागाकार करतात: ओवेच्किनचे गोल ऐंशीच्या दशकात किती झाले असते, ग्रेट्झ्कीचे आज किती. असे हिशेब मांडणारे अभ्यासू असतात, त्यांचे आकडे बहुधा ओवेच्किनच्या बाजूने पडतात, तरीही मी त्यांचा आधार घेणार नाही. आजच्या आहाराने, आजच्या कार्बन स्टिकने, आजच्या प्रशिक्षणाने ग्रेट्झ्की कसा खेळला असता, हे कुठल्याच भागाकारातून कळत नाही. त्याहून साधी आणि खणखणीत कसोटी हाताशी आहे. खेळाडू ज्या काळात खेळला, त्या काळातले सगळे स्पर्धक त्याच गोलरक्षकांसमोर, त्याच नियमांखाली, त्याच बर्फावर खेळत होते. त्यांच्यात तो कितीदा पहिला आला? आणि किती वर्षं येत राहिला?

या कसोटीवर चित्र स्वच्छ आहे. मॉरिस रिशार पाच हंगामांत लीगमध्ये गोलांत पहिला आला. गॉर्डी हाव पाच. ग्रेट्झ्की पाच. फिल एस्पोझिटो सहा. बॉबी हल सात. ओवेच्किन नऊ. बॉबी हलच्या सातांपैकी पाच हंगाम लीगमध्ये सहाच संघ असतानाचे आहेत, म्हणजे स्पर्धेत असलेले खेळाडू शंभर-सव्वाशेच, आणि तेही जवळपास सगळे कॅनडाचे. ओवेच्किन तीस-एकतीस संघांच्या लीगमध्ये, कॅनडा, अमेरिका, स्वीडन, फिनलंड, चेकिया, रशिया इथल्या उत्तमोत्तम खेळाडूंमध्ये नऊ वेळा पहिला आला. पहिल्यांदा २००८मध्ये, बावीस वर्षांचा असताना. शेवटचं २०२०मध्ये, चौतिसाव्या वर्षी, डेव्हिड पास्टरनाकच्या बरोबरीने. २०१३ ते २०१६ या लागोपाठच्या तीन हंगामांत सबंध लीगमध्ये पन्नास गोल गाठणारा एकच माणूस होता. तिन्ही वेळा तोच. त्याच वॉशिंग्टन क्लबच्या डेनिस मारुकने १९८१-८२मध्ये ६० गोल केले होते. मारुक गुणी खेळाडू होता, पण त्याचं नाव या वादात कुणी घेत नाही. ऐंशीच्या दशकात साठ गोल करूनही माणूस विसरला जाऊ शकत होता. २०१५मध्ये पन्नास गोल करणारा एकटाच उरला होता.

आता विरुद्ध बाजूचे मुद्दे. त्यांतले काही खरोखर जड आहेत आणि ते झटकून टाकणं अप्रामाणिकपणाचं होईल.

पहिला मुद्दा शिखराचा. १९८१-८२मध्ये ग्रेट्झ्कीने ९२ गोल केले. पहिले ५० गोल त्याने ३९ सामन्यांत पूर्ण केले, आणि एकोणचाळिसाव्या सामन्यात फिलाडेल्फियाविरुद्ध एकट्याने पाच मारले. त्या हंगामात दुसरा होता माइक बॉसी, ६४ गोलांवर. अठ्ठावीस गोलांचं अंतर. इथे काळाचा बहाणा चालत नाही, कारण बॉसीही त्याच काळात, त्याच गोलरक्षकांसमोर खेळत होता. ओवेच्किनच्या सर्वोत्तम हंगामात, २००७-०८मध्ये, त्याचे ६५ आणि दुसऱ्या क्रमांकावरच्या इल्या कोवालचुकचे ५२. अंतर तेराचं. माझ्याच कसोटीने मोजलं तर एका हंगामापुरता ग्रेट्झ्की पुढे आहे, हे मी मान्य करतो. ते पाच गोल कुणी विसरू नये.

पण एका हंगामाचं शिखर हेच श्रेष्ठत्वाचं माप धरायचं असेल, तर ते शेवटपर्यंत धरावं लागेल. १९९०-९१मध्ये सेंट लुईस ब्लूजच्या ब्रेट हलने ८६ गोल केले. त्याच्या खालोखाल गोल किती होते? ५१. पस्तीस गोलांचं अंतर, ग्रेट्झ्कीच्या अठ्ठाविसापेक्षा मोठं. मग ब्रेट हल हा इतिहासातला सर्वश्रेष्ठ स्कोअरर ठरतो का? ९२ गोलांचा दाखला देणारा एकही माणूस तसं म्हणणार नाही, आणि त्याचं न म्हणणं योग्यच आहे. याचा अर्थ त्यालाही मनातून ठाऊक आहे की एका हंगामाची उंची पुरेशी नसते, ती किती काळ टिकली हेही पाहावं लागतं. ग्रेट्झ्कीचे गोलांतले पाचही पहिले क्रमांक १९८२ ते १९८७ या काळातले. १९९१च्या कॅनडा कपमध्ये त्याच्या पाठीला मोठी दुखापत झाली, त्यानंतरच्या उतरणीला तीही कारण होती, हे सांगायलाच हवं. शेवटच्या हंगामात, १९९८-९९मध्ये, त्याचे गोल नऊ होते. असिस्ट मात्र तो अखेरपर्यंत देत राहिला, कारण त्याचं डोळ्याचं आणि डोक्याचं काम कधी थांबलंच नाही. ओवेच्किनने विक्रमाच्या हंगामात, मोडलेल्या हाडासकट, ६५ सामन्यांत ४४ गोल केले.

दुसरा मुद्दा मला सर्वांत कठीण वाटतो: दर सामन्यामागचे गोल. या मापाने ग्रेट्झ्की आणि ओवेच्किन दोघेही ०.६०च्या आसपास आहेत. बॉसी ७५२ सामन्यांत ५७३, म्हणजे ०.७६. मारिओ लेम्यू ९१५ सामन्यांत ६९०, म्हणजे ०.७५. फरक किरकोळ नाही. बॉसीने पहिल्या हंगामापासून लागोपाठ नऊ वर्षं पन्नास गोलांचा आकडा ओलांडला. दहाव्या वर्षी पाठ पार निकामी झाली आणि तिशीतच तो थांबला. लेम्यूबद्दल तर लिहितानाही हात अडखळतो. जानेवारी १९९३मध्ये त्याला हॉजकिन्स हा कर्करोग असल्याचं निदान झालं. मार्चमध्ये किरणोपचाराची शेवटची मात्रा घेऊन तो त्याच दिवशी विमानाने फिलाडेल्फियाला गेला, रात्री सामना खेळला आणि त्यात गोलही केला. तो हंगाम त्याने ६० सामन्यांत ६९ गोलांवर संपवला. बर्फावर त्याच्यासारखा नैसर्गिक स्कोअरर झाला नाही असं कुणी म्हणालं, तर त्याच्याशी भांडायला माझ्याकडे फार शस्त्रं नाहीत.

तरीही दराचं माप अपुरं आहे. छोट्या कारकिर्दीला त्याचा फायदा मिळतो, कारण उतरणीची वर्षं हिशेबात येतच नाहीत. ओवेच्किनची पहिली दहा वर्षं वेगळी काढून बॉसीच्या दहा वर्षांशेजारी ठेवली तरी बॉसीचा दर वरच राहील. पण बॉसीचा सगळा काळ सात-आठ गोलांच्या सामन्यांचा, आणि तो स्वतः गोलांत पहिला आला फक्त दोनदा. निव्वळ दरच धरायचा, तर मग जो मलोन या जुन्या खेळाडूला पहिलं बसवावं लागेल: एनएचएलमध्ये १२६ सामने, १४३ गोल. १९१७-१८च्या पहिल्या हंगामात त्याने वीस सामन्यांत ४४ मारले. तेव्हा पक पुढे पास करण्यावर निर्बंध होते, मुख्य खेळाडू सामनाभर बर्फावरच असत, आणि त्या हंगामाच्या सुरुवातीला तर गोलरक्षकाने पक अडवण्यासाठी खाली पडणंसुद्धा नियमबाह्य होतं. मलोनचा मोठेपणा त्याच्या काळात खरा होता, पण तो आकडा उचलून शंभर वर्षं पुढे आणता येत नाही.

आणि 'खेळत राहिला असता तर'? लेम्यू निरोगी राहिला असता तर त्याने हजार गोल केले असते, असं म्हणणारे पुष्कळ आहेत. कदाचित केले असते. १९४८च्या डिसेंबरमध्ये पुण्यात भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध ४४३वर नाबाद होते. ब्रॅडमनचा ४५२चा विक्रम अवघा नऊ धावांवर होता, आणि प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून दिला. त्या नऊ धावा त्यांनी काढल्या असत्या याविषयी कुठल्या मराठी माणसाला शंका असेल? पण आजही आपण ४४३च म्हणतो. तो आकडा अपूर्ण ठेवूनच आपण त्यांना मानतो, आणि ते बरोबर आहे. लेम्यूलाही त्याच्या ६९० गोलांसकट, न झालेले गोल न मोजता, मानता येतं. शिवाय न झालेल्या सामन्यांचा हिशेब मांडायचा तर तो ओवेच्किनचाही मांडावा लागेल. २००४-०५चा अख्खा हंगाम मालक-खेळाडूंच्या संघर्षात रद्द झाला, त्या वर्षी तो एनएचएलऐवजी मॉस्कोत डायनॅमोकडून खेळला. २०१२-१३ अठ्ठेचाळीस सामन्यांवर आला. पुढे महामारीने दोन हंगाम कापले. त्या सामन्यांचे गोलही मी मागत नाही.

तिसरा मुद्दा गोलांच्या दर्जाचा. ओवेच्किनचे तीनशेहून अधिक गोल पॉवर प्लेवरचे, म्हणजे समोरच्या संघाचा एक खेळाडू शिक्षेसाठी बाहेर बसलेला असतानाचे. ग्रेट्झ्कीचे असे २०४. उलट आपला खेळाडू कमी असताना केलेले ग्रेट्झ्कीचे ७३ गोल हा आजही विक्रम आहे, आणि त्यात ओवेच्किन जवळपासही नाही. गोलरक्षक काढून घेतल्यावर रिकाम्या जाळ्यात मारलेले गोलही सर्वाधिक ओवेच्किनचेच. तो विक्रम आधी ग्रेट्झ्कीचाच होता, ५६. प्रशिक्षक हल्ली गोलरक्षक लवकर बाहेर काढतात, त्यामुळे असे गोल वाढले, हे खरं. ते सगळे वगळले तर विक्रम मोडण्याचा मुहूर्त थोडा पुढे गेला असता, इतकंच. ज्याला ८९५ हा आकडाच देवासमान आहे, त्याला याने त्रास व्हावा. मी त्या आकड्यावर काही उभारलेलंच नाही.

पॉवर प्लेच्या गोलांना दुय्यम मानणाऱ्यांनी मात्र एक विचार करावा. ओवेच्किन वीस वर्षं एकाच जागी उभा राहिला. उजव्या हाताचा खेळाडू, डाव्या वर्तुळाच्या कडेला, स्टिक उगारलेली. संघातले निक्लास बॅकस्ट्रॉम किंवा जॉन कार्लसन पक तिथेच पाठवणार हे समोरच्या पाच जणांना माहीत, प्रशिक्षकाला माहीत, प्रेक्षकांत बसलेल्या लहान मुलाला माहीत. कित्येक संघांनी एक बचावपटू फक्त त्याला चिकटवून ठेवला आणि उरलेल्या तिघांनी चौघांना तोंड दिलं. तरी पक यायचा, न थांबवता तो मारायचा, आणि गोलरक्षक एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सरकेपर्यंत जाळं हलायचं. काय होणार हे सगळ्यांना माहीत असूनही ते थांबवता न येणं, यापेक्षा स्कोअररच्या कौशल्याचा मोठा पुरावा कोणता? तो फटके फार मारतो, लीगच्या इतिहासात गोलवर सर्वाधिक फटके त्याचेच, ही तक्रारही मला उमजत नाही. फटका मारायला जागा मिळवणं, आणि ती दोन दशकं, शंभर किलोच्या वर वजनाच्या शरीराने धडका देत-घेत मिळवणं, हा स्कोअररच्या कामाचा अर्धा भाग आहे.

हा वाद नवा नाही, हेही ध्यानात घ्यावं. रिशारने १९४४-४५मध्ये पन्नास सामन्यांत पन्नास गोल केले, तेव्हा लोक म्हणाले, चांगले खेळाडू युद्धावर गेले आहेत म्हणून. रिशार स्वतः सैन्यात भरती व्हायला गेला होता. मोडलेल्या हाडांमुळे त्याला नाकारलं. युद्ध संपलं, सगळे परतले, आणि तो पुन्हा गोलांत पहिला येत राहिला. १९६३मध्ये हावने त्याचा ५४४ गोलांचा विक्रम मोडला, तेव्हा रिशारच्या माँट्रियलचे लोक म्हणाले, रिशारने हे ९७८ सामन्यांत केलं, हावला कितीतरी जास्त लागले. पुढे ग्रेट्झ्कीने हावचे ८०१ ओलांडले, तेव्हा हावच्या चाहत्यांनी वर्ल्ड हॉकी असोसिएशन या दुसऱ्या लीगमधले त्याचे १७४ गोल पुढे केले. ते धरले तर हाव ९७५वर जातो. बावन्नाव्या वाढदिवसानंतरही एनएचएलमध्ये खेळलेल्या त्या माणसाविषयी आदर बाळगूनच सांगायला हवं, की प्रत्येक विक्रमामागे असा एक 'पण' लागलेलाच होता. त्या 'पण'मध्ये तथ्य किती, हे दर वेळी त्या खेळाडूने आपल्या बरोबरीच्या लोकांत काय केलं यावरूनच ठरलं. रिशारच्या बाबतीत युद्धाचा आक्षेप टिकला नाही तो याचमुळे.

इथे माझ्या दाव्याची हद्द आखून घ्यायला हवी. मी सतत एनएचएल म्हणतो आहे, 'हॉकीचा इतिहास' म्हणत नाही. १९८९पर्यंत सोव्हिएत सरकारने आपले खेळाडू त्या लीगमध्ये जाऊ दिले नाहीत. १९७२मध्ये कॅनडाविरुद्धच्या आठ सामन्यांच्या मालिकेतला पहिलाच सामना सोव्हिएत संघाने माँट्रियलमध्ये ७-३ असा जिंकला, त्यात वालेरी खार्लामोव्हचे दोन गोल होते, तेव्हा भिंतीपलीकडे काय दडलं आहे ते कॅनडाला कळलं. सोव्हिएत लीगमध्ये चारशेहून अधिक गोल करणारा बोरिस मिखाइलोव्ह एनएचएलमध्ये कधी खेळलाच नाही. सर्गेई मकारोव्ह आला तो एकतिसाव्या वर्षी, आणि आल्या आल्या सर्वोत्तम नवोदिताचं पारितोषिक घेऊन गेला. लीगने मग त्या पारितोषिकाला वयाची अट घातली. या लोकांची तुलना कशाशी करायची? त्यांचे हंगाम छोटे होते, प्रतिस्पर्धी वेगळे होते, आणि समान मैदान त्यांना मिळालंच नाही. स्त्रियांच्या हॉकीचंही तेच. कॅनडाच्या मारी-फिलिप पूलांने २०१० ते २०२२ अशा लागोपाठ चार ऑलिंपिक अंतिम सामन्यांत गोल केले. दडपणाखाली गोल करण्याचा असा दाखला पुरुषांमध्येही शोधावा लागेल. जे 'हॉकीच्या इतिहासातला सर्वश्रेष्ठ' असं सरसकट जाहीर करतात, ते या सगळ्यांना न मोजताच बाद करतात. ग्रेट्झ्कीची सर्वोत्तम वर्षं ही भिंत उभी असतानाची आहेत, हेही त्यातून निघतं; त्याच्या लीगमध्ये जगातले कितीतरी उत्तम खेळाडू नव्हते, आणि ही त्याची चूक नव्हती.

राहिला राजकारणाचा भाग, कारण तो सगळ्या चर्चेच्या तळाशी आहे आणि उघडपणे क्वचितच बोलला जातो. ओवेच्किनने २०१७मध्ये पुतिन यांच्या समर्थनार्थ 'पुतिन टीम' नावाची मोहीम जाहीर केली. २०२२मध्ये युक्रेनवर हल्ला झाल्यावर तो युद्ध नको एवढं म्हणाला, पण पुतिन यांच्यावर त्याने टीका केली नाही, आणि त्यांच्यासोबतचा फोटोही समाजमाध्यमावर राहू दिला. याचा ज्यांना राग आहे, त्यांचा राग मला रास्त वाटतो. बॉम्ब पडत असताना इतक्या मोठ्या माणसाचं मौन हा साधा विषय नाही. पण तो राग रिकाम्या जाळ्यातल्या गोलांच्या आकडेवारीत गुंडाळून आणू नये. २०२५च्या सुरुवातीला ट्रम्प यांनी कॅनडाला अमेरिकेचं राज्य करण्याची भाषा काढली, तेव्हा त्यांच्याशी असलेल्या मैत्रीमुळे ग्रेट्झ्कीवरही कॅनडात सडकून टीका झाली. त्या टीकेने १९८१-८२चे ९२ गोल एकानेही कमी होत नाहीत. माणसाच्या वागण्याचा जाब विचारायचा तर तो सरळ विचारावा.

यापुढे हा वाद घालायचा असेल, तर तो पुढच्या दावेदाराला समोर ठेवून घालावा. टोरांटो मेपल लीफ्सचा ऑस्टन मॅथ्यूज २०२१, २०२२ आणि २०२४मध्ये लीगमध्ये गोलांत पहिला आला. २०२३-२४मधले त्याचे ६९ गोल हे लेम्यूच्या १९९५-९६मधल्या ६९नंतरचे सर्वाधिक. त्याचे नऊशे होतील का, हा प्रश्न त्याला आतापासूनच विचारला जाऊ लागला आहे, आणि तो प्रश्न चुकीचा आहे. २०२४-२५चा हंगाम संपला तेव्हा मॅथ्यूज सत्तावीस वर्षांचा होता आणि त्याच्या नावावर गोलांतले तीन पहिले क्रमांक होते. ओवेच्किनचेही त्या वयात तीनच होते. उरलेले सहा त्याने अठ्ठावीस ते चौतीस या वयात मिळवले, ज्या वर्षांच्या मधेच बॉसीला थांबावं लागलं होतं आणि ग्रेट्झ्कीला गोलांत एकदाही पहिलं येता आलं नव्हतं.